नवमीच्या पानावरचा तुकडा

नाही भटजी, प्रायश्चित्त मी घेणार नाही. सरबत घ्या, आणि ऐका. अविधवा नवमीला, माझ्या पत्नीच्या श्राद्धाला, कावळ्यासाठी काढलेल्या पानावर मी कोंबडीच्या मांसाचा तुकडा ठेवला — ठेवला, कबूल आहे — आणि तुम्ही दर्भ टाकून उठलात. परंतु त्याकरिता कोंबडी मेली का? मेली नाही. माझी नात अवनी बंगळुरूच्या ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे जिवंत कोंबडीच्या चिमूटभर पेशी घेतात आणि भांड्यात वाढवतात, इतकेच. ती कोंबडी अजून दाणे टिपत हिंडते आहे. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण या विषयावर सहा महिने वाचन केले आहे — शब्दकोश मांडीवर घेऊन. जिथे हिंसाच नाही तिथे दोष कशाचा? दाखवा वचन. नाही दाखवता येणार, कारण शास्त्रकारांना असले भांडे ठाऊकच नव्हते.

पण श्राद्धाच्या पानावर का, असेच ना? सांगतो. शेवटच्या आजारात आनंदीची हाडे वर आली होती. डॉक्टर म्हणाले, कोंबडीचे सूप द्या, थोडी ताकद येईल. चाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितले नव्हते — त्या दिवशी मागितले. एकदाच. "अहो, कोणाला कळणार आहे?" म्हणाली. आणि मी काय केले? उशाशी बसून तिला अहिंसेवर तासभर वाचून दाखवले. उच्चार अगदी शुद्ध. ती ऐकत होती — निदान डोळे उघडे होते. नाही, सुपाने ती वाचली असती असे मी म्हणत नाही, डॉक्टरही तसे म्हणाले नव्हते. तो प्रश्नच नाही.

कावळा? आला की. तुम्ही होतात तोवर आगरातल्या फणसावर बसून राहिला, मग उतरला, वडा उचलून गेला. तुकड्याला शिवला नाही. मी बराच वेळ थांबलो — ऊन उतरेपर्यंत — आणि मग तो मीच खाल्ला, त्याच पानावरून, उभ्याने. हो, हेही आता गावाला सांगा. बुद्धीला सारे पटलेले होते, भटजी, घशाला पटेना. दोनदा उलटून आले, तिसऱ्यांदा गिळला.

पुढच्या नवमीला तुम्ही येऊ नका. मंत्र मला पाठ आहेत, पान मी वाढीन, आणि तुकडा त्यावर असेल — सूप करूनच ठेवीन म्हणतो, वाटीत. तिने सूप मागितले होते.

उठा आता. मिरजोळ्यापर्यंत जायचे आहे तुम्हाला.