भविष्यातल्या ट्रकात झोपायचं कुठं?

...अन् त्यात माणूसच न्हाई! तुमाला सांगतो, मी तर हादरलोच. ती पुण्याची संस्कृतीताई, एका पिच्चरसाठी पन्नास वर्षांनंतरच्या ट्रकाचं चित्र काढतीय, खरा वाटला पाहिजे म्हणून थेट आमच्या नांदूरघाटला आली, माझ्या थोरल्या भावाचा, अजिनाथदादाचा ट्रक बघायला. गोंडे बघितले, बंपरखाली टांगलेली चप्पल बघितली, फोटो काढले, चहा पिली, अन् मग टॅबवर दाखवलं काय, तर एक पांढरंफेक लांबडं डबडं, न सीट, न खिडकी, न स्टेरिंग. मी म्हणलं, ताई, ड्रायव्हर? म्हणली, "लागतच नाही, ट्रक स्वतःच चालतो." बरं, चालू द्या. पण झोपायचं कुठं?

हसू नका. ट्रक काय, कुणीबी चालवतं, मीबी चालवतो, मागं आष्टीला एका टपरीत घातलाच होता की... ते जाऊ द्या. दादा म्हणायचा, "लख्या, ट्रक म्हंजे चाकावरची खोली हाय बे, खिडकीतलं गाव तेवढं बदलतंय." सीटच्या मागं फळी, फळीवर गोधडी, गोधडीवर दादा. मी किलीनर. ट्रक मागं घेताना पत्र्यावर एक थाप म्हंजे येऊ द्या, दोन म्हंजे थांबा. दोन थापा पडल्या की दादा कसल्याबी तंद्रीत असू दे, ब्रेक मारणार म्हंजे मारणार. मंगलवहिनी तर म्हणायची, घरात हाक मारली तर ऐकत न्हाईत, पत्रा वाजिवला की ऐकतात.

अन् ही ताई यायच्या आधीचं, एका सकाळी धाब्यावर मी चहा घेऊन गेलतो, दार वाजिवलं. दोन थापा. अजून दोन. मग मोजल्या न्हाईत. फळीवरच... झोपेतच गेला, म्हणले डॉक्टर. चहाचं काय झालं? मला काय ठावं, कावून विचारता?

तर मी त्या ताईचा टॅबच हिसकावला, लई जोरात म्हणलं, बाई, चप्पल टांगा नायतर सोन्याचे गोंडे लावा, पण झोपायचं कुठं? ती घाबरली. हळूच म्हणली, "पण यात माणूसच नाही ना, दादा." मला म्हणली, दादा. मला आजवर कुणी... दिला टॅब परत, अन् फळीचं, थापांचं समदं सांगितलं.

काल फोनवर नवं चित्र आलं. डबडं तसंच पांढरं, सीट न्हाई, स्टेरिंग न्हाई, पण पोटात एक फळी, फळीवर घडी घातलेली गोधडी, अन् मागं पत्र्यावर हात ठिवून एक जण उभा, माझ्यासारखाच काडीपैलवान. म्हंजे बघा, पन्नास वर्षांत ड्रायव्हर गेले, किलीनर तिथंच, आमचं प्रमोशनच न्हाई!

वहिनीला दाखवलं. तिनं बोटानं चित्र मोठं केलं, लई वेळ ती फळी बघितली अन् म्हणली, "भावजी, उशी राह्यली की. बिगर उशीची त्यांना झोप येत न्हाई."

आता पन्नास वर्षांनंतरच्या ट्रकात उशी नेऊन कोण ठिवणार? ...किलीनरच की.