फ्रिजची कडी

— नाही हो भाऊ, दाराला नाही, फ्रिजलाच लावायचीय कडी, कुलपासकट. बघा, दचकलात ना — जन्म गेला कुलपं बसवण्यात, आणि फ्रिज बघून हात थांबला. तिथे, हँडलच्या जरा वर. आणि घट्ट बसवा, साधीसुधी कडी आमचे हे उपटून ठेवतील. पूर्वी? पूर्वी पोहायला शिकवायचे ते, नुसती काडी. ताटातलं निम्मं तसंच राहायचं, खा हो, खा हो म्हणून मी मागे लागायचे — घ्या, ऐकलं एकदाचं.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढं काहीतरी असतं म्हणे. हायपोथॅलॅमस. नाव केवढं, जीव केवढा. डोक्यातली गाठ काढताना त्याला धक्का लागला. पोट भरलं हे तोच सांगतो — आता सांगतच नाही. खाल्लेलं किती जाळायचं तेही तोच ठरवतो, तेही बंद, सगळं अंगावर चढतं. राग, झोप, हसणं — सगळी खाती एकट्याकडेच, मंत्र्यासारखी. आमच्या नणंदबाईंना मात्र हे पटत नाही. वरच्या मजल्यावर राहतात ना, तिथून त्यांना सगळं जास्त कळतं. "वहिनी, दादाला म्हणावं जरा मनावर ताबा ठेव." ठेवतील की — मनाचा कारभार त्या बदामाकडेच आहे, त्यालाच कळवते म्हटलं. परवा कच्चं पीठ खाल्लं त्यांनी, मूठमूठ. मग रडले. मग परत खाल्लं.

डॉक्टर म्हणाले, वजन आणखी वाढलं तर हृदयाला झेपणार नाही. जेवण मोजून द्या, बाकी कुलपात. देते की मोजून. तरी काटा पुढेच. नणंदबाई विचारतात, हा खातो तरी कुठून — कुठून म्हणजे काय, आता... दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हो. हाक मारली तर मान वळते, माणूस वळत नाही. आणि लोणी-साखरेचा एक चमचा दिला — म्हणजे समजा, कोणी दिलाच — की चेहरा कसा उजळतो. "बस ना गं जवळ," म्हणतात. हात धरतात माझा. चमचा चाटून होईपर्यंत. मग पुन्हा भिंत. मग वाटतं, अजून एकच... तुम्ही स्क्रू आवळा हो, माझं काय ऐकत बसलाय.

झालं? चाव्या दोनच ना? एक वर नणंदबाईंना नेऊन द्या, जेवणाच्या वेळी त्या येऊन उघडतील. दुसरी तुमच्याकडेच राहू द्या. नाही, मला नको. नको म्हटलं ना. हे उठले वाटतं — निघा तुम्ही. आणि ऐका, उद्या मी दुकानात चावी मागायला आले, तर ओळख दाखवू नका.