फक्त जरा साफ केलं

सकाळी पावणेअकरा. दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीने फोन वडिलांपुढे धरला. नोकरीसाठी नमुना म्हणून पाठवलेलं तिचं पिक्सेल चित्र, म्हणजे बारीक रंगीत चौकोनांनी बनवलेलं चित्र, गेम बनवणाऱ्या कंपनीने नाकारलं होतं.

"एआयने काढलंय म्हणतात, बाबा. तीन आठवडे एकेक चौकोन भरत बसले होते मी."

"मग तसं सांग ना त्यांना."

"कारणं ऐका. चौकोन लहानमोठे आहेत, कडा पुसट आहेत. मी सोळा रंग वापरले, त्यांना चारशे सापडले."

"जास्तच आहेत की. बरंच झालं."

"हाताने काढणारा रंग मोजून घेतो, बाबा. त्यावरूनच एआय ओळखतात. काल माझं नेट बंद होतं म्हणून तुमच्या फोनवरून पाठवायला सांगितलं. तसंच पाठवलंत ना?"

"तसंच. फक्त जरा साफ केलं."

"साफ?"

"सगळं दातेरी दिसत होतं गं. फोटो सुंदर करायचं बटण आहे ना, ते दाबलं. तुझ्या आईचा फोटो नाही का केला?"

"त्यात आईचं नाक गायब झालंय."

"सुरकुत्या गेल्या की पण."

"ते बटण म्हणजेच एआय, बाबा."

"मला काय ठाऊक? तिथे नुसती जादूची कांडी काढलीय."

"आता त्यांना काय लिहू? वडिलांनी साफ केलं?"

"खरं तेच लिही."

"कोणाला खरं वाटेल?"

वडिलांना आत बोलावलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने मूळ चित्र पाठवलं. साडेअकरापर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.