पिंप ढवळण्याआधीचे चार शब्द

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या संचालक मंडळाचे प्रमुख, त्यांच्या शेजारी बसलेले आपले संस्थापक डॉक्टरसाहेब, पहिल्या दोन रांगांतले गुंतवणूकदार, जे खास माझ्यासाठी आलेत असं मला सांगण्यात आलंय, मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, ज्यांना खुर्च्या पुरल्या नाहीत कारण पहिल्या दोन रांगा राखीव होत्या, आणि तिसऱ्या रांगेत अगदी कडेला बसलेले माझे धाकटे दीर, ज्यांनी आज सकाळी नाश्त्याला मला बजावलंय की, "वहिनी, आभार मानायचे आणि खाली बसायचं." सगळ्यांना माझा नमस्कार.

भावजी, सुरुवात आभारांनीच करते. घाबरू नका.

डॉक्टरसाहेब माझ्याबद्दल फार छान बोलले. मी कंपनीचा विवेक आहे म्हणाले. अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. विवेक असलेल्या माणसाला निदान बसायला खिडकीजवळची जागा तरी मिळायला हवी होती. मी "वयोमानानुसार" निवृत्त होतेय असंही ते म्हणाले. त्यात एक बारीकशी दुरुस्ती. मला साठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. मी निवृत्त होतेय हे मला कँटीनच्या फळ्यावर कळलं. माझ्या निरोपाची तारीख वाचून मी शेजारच्या बाईला विचारलं, "अगं, ही कोण चाललीय?" ती म्हणाली, "तुम्हीच की हो थरबाई!"

थरबाई हे माझं इथलं नाव. पाहुण्यांसाठी सांगते. मी थर मोजते. ग्राफीन म्हणजे काय, तर कार्बनचा एक थर. एकच. त्याहून पातळ काही होऊच शकत नाही इतका पातळ. दोन-चार थर असले तरी चालतं. दहापर्यंत लोक डोळेझाक करतात. त्याच्यापुढे गेलं की त्या वस्तूला शाळेतली पोरंसुद्धा ओळखतात. तिला शिसपेन्सिल म्हणतात.

हसलात, बरं वाटलं. आता थोडं कमी हसाल.

आधी एक सांगते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाईचा या वस्तूवरच विश्वास नव्हता. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही कंपनी सुरू झाली तेव्हा मी तिथं होते. खालून रबराचा वास यायचा आणि दर वीस मिनिटांनी हवा भरायचं यंत्र धडधडायचं, की आमचं मोजमाप बोंबलायचं. त्या धडधडीत एका दुपारी मी पडद्यावर एक थर पाहिला. खरा, स्वच्छ, एकुलता एक. डॉक्टरसाहेब, तुम्ही तेव्हा नाचला होतात. खरंच नाचला होतात, टेबलाला गुडघा आपटला होता तुमचा. त्या माणसाबरोबर मी काम करायला तयार झाले. तो माणूस कुठल्या साली गेला ते मला नीट सांगता यायचं नाही. त्याचा निरोप समारंभ कुणी केला नाही.

मग गुंतवणूकदार आले. तुम्ही मंडळी. तुमच्यात दोन जाती आहेत. आशावाले विचारतात, "किती मोठं होईल?" शंकावाले विचारतात, "कधी होईल?" हे दोघं जेवताना एकमेकांशी भांडतात, आणि आम्हाला वाटतं वा, काय सखोल चर्चा चाललीय! पण आम्ही ज्या पिंपांत भरून हा माल विकतो त्यात आहे काय, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी मांडवाची लांबीरुंदी मोजावी आणि नवरा कुठाय हे विचारूच नये, तसं.

एक अपवाद. दुसऱ्या रांगेत वही घेऊन बसल्यात त्या मॅडम. गेल्या वर्षी तळमजल्यावर आल्या होत्या. सगळे यंत्रांचे फोटो काढत होते, यांनी मला विचारलं, "तपासायला नमुना घेता तो पिंपात कुठून घेता?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, वर चहा थंड होतोय." आणि मी तोंड मिटलं. मॅडम, तुमच्या प्रश्नाला एक वर्ष झालं. उत्तर आज देते.

वरून घेतो.

आमचं पिंप कमरेइतकं उंच. नमुना घ्यायची काचेची नळी टीचभर. टायरच्या दुकानावर असताना आम्ही बरणीत माल करायचो, ती नळी बरणीसाठी घेतलेली. पुढे बरणीचं पिंप झालं, नळी तीच राहिली. आता पिंप रात्रभर उभं राहिलं की काय होतं? जाड असतं ते खाली बसतं, पातळ असतं ते वर तरंगतं. दूध तापवणाऱ्या कुठल्याही माणसाला साय कुठं धरते ते कळतं. आम्ही रोज सकाळी साय तपासायचो आणि पिंपभर दूध सायीच्या भावानं विकायचो.

पिंपांच्या पहिल्या वर्षी ही चूक होती. देवाशपथ चूक होती. आकडे इतके सुरेख यायचे की कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. चार थर, पाच थर, चार थर. दुसऱ्या वर्षी एकदा नळी हातातून निसटून पिंपात पडली, ती काढायला मी बाही वर करून हात घातला, तर खांद्यापर्यंत चिखल आला. काळा, जड. मी हात धुतला. तीनदा साबण लावला. आणि लांब नळीची मागणी लिहून दिली. ती मंजूर झाली नाही. मी पुन्हा मागितली नाही. नळी दोनशे रुपयांना मिळते, मी माझ्या पर्समधून आणू शकत होते. आणली नाही. हे मी डॉक्टरसाहेबांबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगतेय. त्यानंतरसुद्धा प्रमाणपत्रांवर सह्या करत राहिले. आजवर एकूण एकतीस.

हो, दिसली चिठ्ठी. सूत्रसंचालकांनी पाठवलीय. "आवरते घ्यावे ही विनंती." घेते. अकरा वर्षं आवरतंच घेतलंय.

दोन महिन्यांपूर्वी एक रंगवाले आले. गंज धरू नये म्हणून पाण्याच्या टाक्यांना लावायचा रंग करतात. छोटा कारखाना, नवरा-बायको आणि चार माणसं. आमची सहा पिंपं घेतली होती. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा. माझ्या टेबलावर ठेवला आणि नखानं रंग उचलला. पापुद्रा निघावा तसा निघाला. खाली गंज.

म्हणाले, "बाई, तुमचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. गिऱ्हाईक आलं की बायको आधी ते दाखवते. आता गिऱ्हाईक हा पत्रा घेऊन येतं."

मी म्हटलं, "तुम्ही मिसळताना काही चुकलं असेल."

तर हसले. "मी रंगवाला आहे बाई. डबा उघडला की आम्ही आधी ढवळतो. माझ्या बापानं मला अक्षरओळखीच्या आधी ढवळायला शिकवलं. तुम्ही नमुना घेता तेव्हा ढवळता ना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"ढवळत नाही?" ते पुढं वाकून बघायला लागले, जणू मी चेष्टा करतेय. "अहो, एवढे शिकलेले लोक तुम्ही! ढवळत नाही?"

गाडीत त्यांचा ढवळायचा दांडा होता. तो मागून घेतला. आम्ही दोघांनी मिळून एक पिंप तळापासून ढवळलं. नमुना घेतला, मोजला. त्रेचाळीस. थर त्रेचाळीस. पुन्हा मोजला, एक्केचाळीस. रंगवाल्यांनी विचारलं, "म्हणजे किती वाईट?" मी म्हटलं, "तुम्ही टाक्यांना पेन्सिल फासलीत." ते खुर्चीत बसले. रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आकडा घेऊन वर गेले. डॉक्टरसाहेब, जे झालं तेच सांगते, चुकलं तर टोका. तुम्ही म्हणालात, "बाई, नमुना घ्यायची आपली पद्धत ठरलेली आहे. पद्धत बदलली की मागचे आकडे जुळत नाहीत."

मी म्हटलं, "मागचे आकडे जुळूच नयेत असे आहेत."

तुम्ही म्हणालात, "पैसा घालणाऱ्याला आकडा नको असतो, दिशा हवी असते."

मी म्हटलं, "दिशा खाली आहे. तळाला."

तीन आठवड्यांनी कँटीनच्या फळ्यावर माझं नाव लागलं.

नाही, माईक बंद करून उपयोग नाही. टायरच्या दुकानावर बोलायची सवय आहे मला, आवाज पोचतो. मागच्यांना येतोय ना ऐकू? येतोय.

आता आजचं. चहानंतर खालच्या खोलीत तुमच्या नव्या गुंतवणुकीची फाईल सह्यांसाठी ठेवलीय. त्या फायलीत एक कागद माझ्या सहीसाठी थांबलाय: बत्तिसावं प्रमाणपत्र. थर पाच. मी पाच वाजेपर्यंत प्रयोगशाळेची प्रमुख आहे, तोवरच माझी सही चालते, म्हणून निरोप आज आणि चहा चार वाजता. हा पुष्पगुच्छ कशासाठी आहे ते मला कळतं, मी पातळ गोष्टी ओळखण्याचाच पगार घेते.

आणि हे माझे दीर. भावजी, खाली बघू नका. यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या उत्तरपत्रिका. डोळे अधू झाले तेव्हा यंत्रं विकली आणि ते सगळे पैसे इथं घातले. मी म्हटलं होतं, "भावजी, ग्राफीन म्हणजे काय हे तरी समजून घ्या." तर म्हणाले, "वहिनी, ग्राफीन मला कळत नाही. मला तुमची सही कळते."

आज सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. चहाचा कप तसाच राहिला. म्हणाले, "एकतीस केल्यात ना? बत्तिसावी केलीत तर आभाळ कोसळणार आहे? नवे पैसे आले की भाव वर जाईल, मी विकून मोकळा होतो. मग तुम्ही खुशाल खरं बोला, मी स्वतः टाळ्या वाजवीन." माझी जाऊ उठली. ताटं उचलून आत गेली आणि आत बराच वेळ नळ चालू होता.

भावजी, सबंध दिवस मी त्याचाच विचार केला. तुमचं गणित बरोबर आहे. तुम्ही सुटाल. पण तुम्ही ज्या दारानं बाहेर पडाल त्याच दारानं दुसऱ्या कुणाचा तरी दीर आत येईल. त्यालाही ग्राफीन कळत नसेल. तो माझी सही बघेल.

अहो, उठू नका. भावजी... ऐकून तर जा. शेवटचंच सांगतेय.

गेले. ठीक आहे. दार लावून घ्या कुणीतरी, वारा येतोय.

तर मंडळी, बत्तिसाव्या प्रमाणपत्रावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. मागची एकतीस चुकीची आहेत, असं पत्र लिहून मी सही केलीय. त्याची एक प्रत दुसऱ्या रांगेतल्या मॅडमच्या वहीत आहे, एक रंगवाल्यांकडे सकाळीच गेली. डॉक्टरसाहेब, तुमची प्रत तुमच्या खुर्चीवर होती. तुम्ही न बघता तिच्यावर बसलात.

आणि कुणी असं म्हणून घरी जाऊ नका की ग्राफीन म्हणजे थाप. पिंपावरची साय खरी आहे. एका पिंपात तांब्याभर निघते, पण ती जगात कुठंही नेऊन तपासा, खरी निघेल. आम्ही अकरा वर्षं ते तांबे विकले असते तर आज लहान कंपनी असती, भाड्याची जागा असती, आणि तो पत्रा गंजला नसता. पण तांब्यात पैसे घालायला तुमच्यापैकी कोण आलं असतं? खरं सांगा. तुम्हाला पिंप हवं होतं. म्हणून आम्ही पिंप दाखवलं. डॉक्टरसाहेबांनी एकट्यानं नाही फसवलं तुम्हाला. तुम्ही ताट वाढून घेतलंत, मी वाढलं.

तळमजल्यावर सात पिंपं आहेत. दोन दिवस ती कुणी हलवलेली नाहीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तेवढं तरी आता शिका. चहा इथं आहे, जिना तिथं आहे. लांब नळी मी आणून ठेवलीय, दांडा रंगवाल्यांनी दिलाय. बाह्या वर करा आणि तळापासून ढवळा. कपडे खराब होतील.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, निदान उठून थांबवलं नाही, याबद्दल त्यांची आभारी आहे. मागे उभ्या असलेल्या माझ्या माणसांनी इतका वेळ पाय दुखवून ऐकलं, त्यांची जास्त आभारी आहे. उद्या तुमच्यातल्या काहींची कामं जातील, ते माझ्यामुळे जातील, आणि तुम्ही मला शिव्या द्याल त्या मी ऐकून घेईन. बोलण्याच्या भरात काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनानं माफ करा. एकतीस सह्यांसाठी मात्र करू नका.

चला. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याबरोबर खाली या.