खंडोबाच्या तसबिरीची काच

पूल हलतो की नाही हे काचेवरून कळतं, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी विंझर गावाच्या अलीकडे नवा सिमेंटचा पूल झाला, तेव्हा ती काच बघणं हे माझं कामच होतं. पुलाच्या काठावरच्या खांबाला चीर गेली होती. आमच्या इंजिनीयर साहेबांनी चिरेवर काचेची आडवी पट्टी चुन्यात बसवली. चीर वाढली की काच तडकणार, म्हणजे पूल धोक्याचा. शेजारच्या वाडीतल्या तुळसाक्कांना साहेब म्हणाले, "गुराढोरांपासून काच तेवढी जपा."

मी अधूनमधून सायकलवर जाऊन बघायचो. काच अखंड. इतकी लख्ख, की मला वाटायचं म्हातारी रोज पुसते.

शेवटी मालाच्या लॉऱ्या सोडायचं ठरलं. साहेब मोटारीनं पूल ओलांडून आले, काच बघून खूश झाले. "आजी, छान जपलीत."

तुळसाक्का म्हणाल्या, "जपली, पर आता दुसरं कुनी बघा. घरातल्या समद्या देवांच्या तसबिरी उघड्या पडल्या. एक खंडोबा राहिलाय, त्याची काच म्या देनार न्हाई."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे काच फुटली होती?"

"लई येळा. गुरं जवळ येऊ दिली न्हाईत. पर तुमचा पूलच हालतो, त्याला म्या काय करू?"

परत निघायला ड्रायव्हरनं मोटार वळवून दार उघडलं. साहेबांनी बूट काढले, हातात घेतले आणि नदीत उतरले.