बाटली धुवू नका, सांगतलं होतं

जय भीम, नमो बुद्धाय.

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय गुलाबरावजी. प्रेरणाले कॉलेजात शिकवणारे देवांगन सर. आज पयल्यांदा मंचावर खुर्चीत बसलेली प्रेरणाची माय, आमच्या भागीरथाबाई. आन् समोर बसलेल्या माया सगळ्या मायबहिणी, दादा-भाऊ, लेकरंबाळं, सगळ्याइले माया नमस्कार. जिचा सत्कार आहे ते प्रेरणा, तुलेबी नमस्कार. तू मायाकडं पाहून हासू नोको, मंग मले बोलता येत नाही.

मी नीतू. नरेशची बायको. नालीपारच्या वस्तीत, खालून चवथं घर. सातवीपर्यंत शिकली. माइक पयल्यांदाच धरला. मंडळाच्या राहुलभाऊनं मले काल भाषण लिहून देल्लं, लय साफ मराठीत. 'ज्ञानाची ज्योत' आन् काय काय. चांगलं आहे, पण ते माया तोंडचं नाही. कागद थैलीतच आहे, राहुलभाऊ, राग नोका मानू. मले आज एक गोष्ट सांगाची आहे, आन् ते त्या कागदात नाही. कावून का ते राहुलभाऊलेबी माहीत नाही.

प्रेरणा सिव्हिल आन् एनव्हायरमेंटल इंजिनीअरिंग शिकली. आता मोठ्या शिक्षणाले गुवाहाटीले चालली. इंजिनीअर म्हटलं का आमाले काय वाटते? हेल्मेट घालून कारखान्याच्या प्लांटात जाईन, नाही त पूल बांधन. अन् हे पोरगी आखरी सालात आमच्या वस्तीत आली, ते स्कुटीवर बाटल्याचा खोका घेऊन. चाळीस घरं, चाळीस बाटल्या. बेबीताईनं तिले दारातूनच टोला हाणला, "काय व प्रेरणा, चार साल कॉलेज केलं आन् पाणीच भरत फिरून राहिली?"

प्रेरणा म्हणे, "हो ना काकू, तेच त शिकून राहिली. आपल्या नळात काय येते, ते."

तिनं घरोघरी बाटली देल्ली. सक्काळी पयलं पाणी येते ना, ते भरायचं. मले तिनं दोनदा सांगतलं, "वयनी, बाटली धुवायची नाही. पाणी गाळायचं नाही. नल से सीधा. जैसा आता है वैसा."

मी हो म्हटलं.

आता मायबहिणींनो, तुमीच सांगा. कोणाच्या घरचा डब्बा आपल्या घरी आला त आपण तो न घासता वापस देतो का? अन् पाहुण्याले पिवळं पाणी देतो का? मी बाटली घासली. साबणानं, मंग गरम पाण्यानं. नळाले त्या दिवशी पिवळं पाणी आलं होतं. मी ते चार पदरी फडक्यातून गाळलं, खदखदा उकळलं, थंड केलं अन् बाटलीत भरलं. उजेडात धरून पाह्यलं. अशी चमके का काय सांगू!

इतकंच असतं त मी आज हासून सांगतलं असतं. पण खरं कारण पाहुण्याचं नव्हतं. खरं कारण भेव होतं.

माया पियूष तवा दीड साल्याचा. त्याले हगवण लागली होती, सलाइनवर ठेवला होता. घरी आणला तवा आमच्या सासूबाई, गिरजाबाई, आत्ता समोरच बसल्या आहेत, पियूष त्यांच्याच मांडीवर केळं खाऊन राहिला, त्या म्हणाल्या होत्या, "नीतू, तुया हाताले सफाई नाही व. आमी सहा लेकरं वाढवली, एकबी दवाखान्यात नाही नेलं." आई, मी गाऱ्हाणं नाही करून राहिली. तुमचा जीव पियूषमधे आहे म्हून तुमी बोलल्या. पण मले ते लागलं. मी दिवसातून दहादा हात धुवू लागली. चामडी निघाली बोटाची. अन् त्यातच हे बाटली आली. मले वाटलं, हे बाटली कॉलेजात जाईन, मशीन सांगन का नीतूच्या घरचं पाणी घाण, म्हणजे नीतूच घाण. म्हून मी उकळलं.

मशीनीले उकळून पाजलं, आन् लेकराले कच्चं. गॅस टाकी पुरली पाहिजे ना, म्हून घरी प्याले आमी तेच नळाचं भरत होतो. हे मी केलं. मायनं.

पंधरा दिवसांनी प्रेरणानं वस्तीचा नकाशा आणला. खराब पाण्याच्या घरावर लाल टिकली, चांगल्यावर हिरवी. खालच्या घराइवर सगळीकडं लाल, आन् मधातच माया घरावर हिरवी. मी सासूबाईले दाखवाले नेला. मले वाटलं, आता बोलणं बंद होईन. त्या नकाशाकडं पाहून म्हणाल्या, "पाह्य. मशीनंबी सांगते का आपलं पाणी साफ आहे. मंग लेकरू कशानं बिमार पडलं?"

माया हातानं मी सोताच सोताले दोषी करून ठेवलं होतं.

तिकडं प्रेरणाची कॉलेजात वाट लागली. तिनंच मंग सांगतलं. सर म्हणे, पाइप एकच आहे. आगंबी खराब, मागंबी खराब, मधात एक घर साफ कसं? या घराचा जवाब आण, नाही त हे सारं काम कचऱ्यात टाक. पोरीचं आखरी सालाचं प्रोजेक्ट, जमा कराले तीनच हप्ते उरलेले. ते माया दारात आली. "वयनी, खरं सांग, बाटली नळातूनच भरली ना?"

मी म्हटलं, "हो व, नळातूनच."

तिनं अजून एकदा विचारलं. मी डोळ्यात पाहून खोटं बोलली. ते स्कुटी घेऊन चालली गेली.

चार दिवसांनी पियूष पुन्हा बिमार. या खेपेला त्याचे डोळे आत गेले होते. रडे त पाणी येत नव्हतं डोळ्यातून. मी त्याले मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसली आन् एकच गोष्ट डोक्यात, का खरं माहीत असणारी या दुनियेत मी एकटीच आहे. मी मुकी राहिली त माया पोरगा जाईन. मी तिथूनच नरेशच्या फोनवरून प्रेरणाले फोन लावला. म्हटलं, "प्रेरणा, मी बाटली धुतली होती. पाणी उकळलं होतं."

ते म्हणे, "वयनी, पियूष कसा आहे?"

पयलं ते विचारलं तिनं. तिचं साल बुडून राहिलं होतं, आन् तिनं पयलं ते विचारलं.

राग आला तिले. आली तवा बोललीबी. "वयनी, मैंने कितनी बार बोला था!" ओट्यावर डोकं धरून बसली. मंग बॅगमधून एक लहानशी बाटली काढली, तळाशी पट्टी होती तिच्या. म्हणे, याच्यात सीधा नळाचं पाणी भर आन् फळीवर ठेव. पाणी खराब असन त काळं पडन. दुसऱ्या दिवशी पाह्यलं त काजळासारखं काळं! मी बाटली हातात घेऊन हासली. पाणी काळं पडलं आन् मी हासून राहिली, शेजारच्याइले वाटलं, पागल झाली. मी सासूबाईसमोर बाटली ठेवली. त्यायनं ते उजेडात धरून पाह्यली. उठल्या, माठ नालीत उलटा केला आन् गॅसवर पाण्याचा गंज उकळाले चढवला. तवापासून आमच्या घरी उकळल्याबिगर पाणी नाही. पण त्यायनं विचारलं, "मशीन त साफ म्हणे?" तवा मी म्हटलं, "मशीन चुकली असन."

आई, मशीन नव्हती चुकली. मी चुकली होती. हे आज सगळ्यासमोर सांगून राहिली. मान खाली नोका घालू, आई. तुमी माठ उलटा केला ना, त्यातच सारं आलं.

प्रेरणानं मंग चाळीसच्या चाळीस बाटल्या पुन्हा भरल्या. या खेपेला सोता नळाशी उभी राहून. लोक कुरकुरले, पुंडलिक दुकानवाले म्हणे, "कॉलेजवाल्याइले धंदा नाही." तिनं कोणाले माया नाव नाही सांगतलं. हर दारी म्हणे, "गलती मायाकडून झाली, काकू, पुन्हा लागते." अन् या वेळी हिरवी टिकली आमच्या घराचीबी गेली, आन् वरून बाराव्या, पुंडलिकच्या दुकानाले लागून खालच्या घराचीबी गेली.

बेबीताई, आता तुमी कावून खाली पाहून राहिल्या? सांगू का? सांगते. बेबीताईनं पयल्या खेपेला त सेक्टर सहातून पाणी आणलं होतं, साहेबाच्या ज्या क्वार्टरात कामाले जातात तिथल्या पाणी साफ कराच्या मशीनीचं! मले त्यायनं मागाहून नळावर कानात सांगतलं होतं. हासा, हासा, मले आधार होते. पाप वाटून घेतलं का हलकं होते.

पण पाहा, त्याच दोन बाटल्याइनं सारा हिसाब बिघडवला होता. खरं पाणी भरलं त नकाशा लहान लेकरालेबी समजला. पुंडलिकच्या दुकानाच्या वरची सारी घरं हिरवी, खालची सारी लाल. खोदलं त तिथंच पाइपचा जोड नालीत बुडलेला, आन् फुटलेला. आता तिथं पाइप नालीच्या वरून नेला आहे. खालच्या चार घराइची लाइन अजून बाकी आहे, त्यात माया घर आहे. म्हून मी अजून उकळते.

देवांगन सर, आपको हमारी मराठी कम समझती होगी, इसलिए इतना हिंदी में बोलती हूँ. प्रेरणा ने आपको बोला था ना, कि बोतल मेरे से गलत भरी गई? आपने सबके सामने उसको डाँटा था. सर, उसने झूठ बोला. बोतल मैंने बिगाड़ी थी. उसने मेरा नाम नहीं लिया. नंबर कटे होंगे तो अब कुछ नहीं होगा, पर आपको मालूम रहना चाहिए.

प्रेरणा, तू रडू नोको. जा गुवाहाटीले. तू चालली त मले लय भेव वाटून राहिलं, खोटं नाही बोलत. पाइप पुन्हा फुटला त कोण पाह्यन? तू त्या लहान बाटल्याचा डब्बा माया फळीवर ठेवून चालली. वीस बाटल्या आहेत. दर महिन्याच्या पयल्या तारखेले एक भरीन, फोटो काढून तुले पाठवीन. धुणार नाही. गाळणार नाही. काळं पडलं त काळंच पाठवीन.

सगळ्याइनं मले ऐकून घेतलं, मंडळानं मायासारखीले माइक देल्ला, भागीरथाबाईनं असी पोरगी घडवली, सगळ्याइचे उपकार मानते. बोलण्यात मागंपुढं झालं असन, मोठ्याइच्या नावाआधी काही लावाचं राहून गेलं असन, त पदरात घ्याजा. गाळून नाही बोलता आलं मले. जसं नळातून आलं, तसंच भरून देल्लं.

जय भीम. जेवून जाजा सगळे. पाणी बिनधास्त प्या, आमी सासू-सुना सकाळपासून उकळून राहिलो होतो.