लाईन खाली करण्याबाबत आणि काचेच्या तड्याबाबत

घरी व गल्लीत मला तोफ म्हणतात. वय बावीस. शिक्षण कॉलेज अर्धवट. काम मावशीच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये मदतनीस. राहणार लॅबच्याच इमारतीत.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, टेलिफोन कंपनीच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाई मला "ओरडून झालं की सांगा, तोवर मी पाणी आणते" म्हणाल्या आणि खरंच दोन ग्लास घेऊन आल्या, तेव्हापासून माझे सगळेच बदलले. जबाब घेणारे साहेब म्हणाले, हे वाक्य गरजेचे नाही. ते गरजेचे आहे, ठेवावे.

ओरडण्याचे कारण असे. डॉक्टर लोक पेशंटच्या दातांची चित्रे आम्हाला कंपनीच्या खास लाईनवरून पाठवतात. त्यावरून मावशी कवळ्या करते. तिचे गुडघे दुखतात म्हणून लॅब तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणली. लाईनही आणायची होती. मी अर्ज दिला की, 'आमची लाईन खाली करून द्यावी.' कंपनीने ती खाली केली, म्हणजे भाडेकरू खोली खाली करतो तशी. कायमची तोडली. नवीन लाईनला तीन महिने लागतील म्हणाले. तोवर डॉक्टर दुसरी लॅब धरणार हे उघड होते. मावशी म्हणाली, "तोफे, जगाला दात देता देता आपल्याच तोंडचा घास घालवलास."

पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी अर्ज वाचला. विचारले, "खाली म्हणजे रिकामी, की खाली म्हणजे जिन्याखाली?" मी म्हणालो, "तळमजल्यावर." त्या तोंडावर रुमाल धरून हसल्या. म्हणाल्या, "अहो, मग तसं लिहायचं ना!" मग अर्जाचा अर्थ चुकीचा लावला गेला असा शेरा मारून, तोडणी रद्द करावी म्हणून त्यांनी कागद वर पाठवला. कागद आपोआप पुढे सरकत नाही, म्हणून मी रोज जात होतो. लाईन जोडली गेल्यावरही काही वेळा गेलो. लाईन नीट चालते आहे, हे सांगायला.

त्यांच्या मोठ्या साहेबांची तक्रार आहे की, हा मुलगा लाईन मारायला येतो, म्हणूनच बाईंनी नियम मोडून लाईन दिली, आणि याने दार आपटून काच फोडली. बाईंनी मला कोणतीही सवलत दिली नाही. चहासुद्धा घेतला नाही. मी विचारले होते. म्हणाल्या, "आधी कवळ्या पोचत्या करा."

काल दुपारी मोठे साहेब सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, "तुमचं जुळलं म्हणून यांची लाईन जुळली काय? उद्यापासून गोदामात बसा." बाकीचे दात काढून हसले. बाई टेबलाकडे बघत राहिल्या. माझ्या हातात पेपरवेट कधी आला ते सांगता येत नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "अहो." मी पेपरवेट जागेवर ठेवला.

दाराच्या काचेला तडा आधीपासून आहे. बाहेरच्या बाकावर भिंतीकडच्या टोकाला बसून त्यातून पाहिले, तर खिडकीवरच्या बाई दोन दिसतात. डावीकडची जास्त हसरी असते. खोटे वाटत असल्यास साहेबांनी स्वतः जाऊन बसावे. "तू काचेतून काय बघत होतास?" असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. लाईनचे काम.

माझे म्हणणे इतकेच की, बाईंना खिडकीवरून हलवू नये. चूक माझ्या शब्दाची होती. कुणाला तरी शिक्षा पाहिजेच असेल तर आमची लाईन पुन्हा तोडावी. मावशीची संमती आहे, ती बाहेरच बसली आहे. ती म्हणाली, "दात काय, नंतरही बसवता येतात. पोरीची नोकरी गेली तर ती कुठून बसवशील?"

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. फक्त पेपरवेट ठेवल्यानंतरचे राहिले, ते लिहून घ्यावे. मी बाहेर पडलो. दार आपटण्याची माझी सवय गल्लीला माहीत आहे. त्या वेळी मात्र कडी लागेपर्यंत मूठ धरून ठेवली आणि दार हळूच लावले. आत बाई होत्या.